पश्चात्ताप कशाचा करायचा?

पापनिवेदनाच्या जाळीपलीकडे फादर बसलेले असतात आणि अलीकडे गुडघे टेकलेला माणूस आपली पापे एकेक करून सांगत असतो. सांगून झाल्यावर पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची असते, आणि तिच्या अखेरीस देवाच्या कृपेने यापुढे पाप न करण्याचा निश्चय उच्चारायचा असतो. लहानपणापासून तोंडपाठ असलेली ही प्रार्थना मी शेकडो वेळा म्हटली आहे. तिशीच्या आसपास एकदा मात्र त्या शेवटच्या ओळीपाशी मी अडलो आणि पुढे जाऊ शकलो नाही. ज्याच्याबरोबर मी राहत होतो, ज्याच्या आजारपणात रात्र रात्र जागत होतो, ज्याच्या सहवासात मी पूर्वीपेक्षा कमी स्वार्थी आणि कमी रागीट झालो होतो, त्याच्याबरोबरचे आयुष्य मी मोडून टाकीन असे देवासमोर म्हणणे म्हणजे खोटे बोलणे होते, आणि ती जागा खोटे बोलण्याची नव्हती. फादर बराच वेळ गप्प राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बाळा, तू प्रार्थना करत राहा, मीही तुझ्यासाठी करीन." पापक्षमा त्यांनी दिली नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, कारण नियमाप्रमाणे त्यांना ती देता येत नव्हती. पण त्या दिवसापासून हा नियम मी नीट तपासायला लागलो.

या विषयावर बोलणारे लोक बहुधा एकच प्रश्न दोन टोकांकडून विचारतात. श्रद्धाळू माणूस म्हणतो, "कॅथलिक म्हणवतोस, मग गे म्हणून कसा जगतोस?" आणि धर्मापासून दुरावलेला मित्र म्हणतो, "गे आहेस, मग त्या चर्चमध्ये अजून जातोस कशाला?" या दोनपैकी एक गोष्ट खरी आणि दुसरी कधीतरी टाकून द्यायची, असे दोघांनीही गृहीत धरलेले असते. मला ते गृहीतकच मान्य नाही. मी तान्हा असताना माझा बाप्तिस्मा झाला, आणि बाप्तिस्म्याची मुद्रा कशानेही पुसली जात नाही असे ख्रिस्तसभाच, म्हणजे कॅथलिक चर्चच, शिकवते. माझा ओढा कोणाकडे असावा हेही मी ठरवलेले नाही, आणि तो पुसून टाकण्यासाठी वर्षानुवर्षे केलेले नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, आणि उपवास वाया गेले. समलिंगी माणसाच्या एकनिष्ठ सहजीवनाला पाप ठरवताना ख्रिस्तसभेला स्वतःच्याच काही मूलभूत शिकवणुकींना बगल द्यावी लागते, असे माझे मत आहे. म्हणूनच या प्रश्नाची सोडवणूक श्रद्धेच्या आत राहूनच व्हायला हवी असे मला वाटते.

प्रथम शिकवण काय आहे ते पाहू, कारण तिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी बरेच ऐकीव बोलले जाते. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात 2357 ते 2359 हे तीन परिच्छेद या विषयाला दिलेले आहेत. पहिल्यात समलिंगी संबंधांच्या कृतींना मुळातच अव्यवस्थित म्हटले आहे. दुसऱ्यात अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने स्वीकारावे आणि त्यांच्याबाबतीत अन्याय्य भेदभावाची खूणसुद्धा दिसू नये असे बजावले आहे. तिसऱ्यात त्यांना शुचितेचे पाचारण आहे, आणि व्यवहारात त्याचा अर्थ आजन्म ब्रह्मचर्य असाच होतो. थोडक्यात, ओढा असणे हे पाप नाही, त्याप्रमाणे वागणे हे पाप. यातला एक बदल फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या मूळ मजकुरात, ही स्थिती या व्यक्तींनी स्वतः निवडलेली नसते, असे एक वाक्य होते. 1997 सालच्या अधिकृत लॅटिन आवृत्तीत ते वाक्य उरले नाही आणि त्या जागी हा कलच वस्तुतः अव्यवस्थित असल्याचे शब्द आले. पाच वर्षांत एक समजुतीचे वाक्य गेले आणि निवाड्याचे आले, ही गोष्ट मला आजही सलते.

'अव्यवस्थित' हा शब्द मानसशास्त्राचा नसून तत्त्वज्ञानाचा आहे, असे धर्मपंडित समजावून सांगतात. संत थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेनुसार प्रत्येक प्रवृत्तीला तिचे साध्य असते, आणि जी प्रवृत्ती त्या साध्याकडे नेत नाही ती क्रमाबाहेरची ठरते. या अर्थाने लोभ आणि मत्सरही अव्यवस्थितच, आणि ते तर सर्वांतच असतात. हे स्पष्टीकरण देणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. परंतु सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती जेव्हा हा परिच्छेद पडतो, तेव्हा त्याला अक्वायनस आठवत नाहीत. आपल्या आत, जिथे प्रेम उपजते नेमक्या त्याच जागी, काहीतरी बिघडलेले आहे, एवढेच त्याला उमगते. शिवाय लोभी माणसांचा वेगळा वर्ग करून त्यांच्यासाठी तीन परिच्छेद कोणी लिहिलेले नाहीत.

या निवाड्याचा तात्त्विक आधार मुख्यतः एकच आहे. 1968 सालच्या 'ह्युमाने विते' या परिपत्रकात पोप सहावे पॉल यांनी मांडल्याप्रमाणे शरीरसंबंधाला दोन अर्थ असतात, एक पतिपत्नींच्या ऐक्याचा आणि दुसरा नवजीवनाच्या निर्मितीचा, आणि माणसाने स्वतःच्या इच्छेने त्यांची फारकत करायची नाही. समलिंगी संबंधात दुसरा अर्थ असूच शकत नाही, म्हणून तो संबंध अमान्य. मात्र ख्रिस्तसभेच्या कायद्यातील 1084 वे कलम सांगते की वंध्यत्वामुळे विवाहाला मनाई होत नाही आणि झालेला विवाह रद्दही ठरत नाही. सत्तरीतले विधुर आणि विधवा वेदीसमोर उभे राहतात तेव्हा त्यांना मूल होणार नाही हे फादरांना, साक्षीदारांना आणि त्यांना स्वतःलाही ठाऊक असते, आणि तरीही त्यांचा विवाह हा पूर्ण संस्कारच मानला जातो. यावर असे उत्तर दिले जाते की त्यांच्या कृतीचा प्रकार तरी निर्मितीचाच असतो, फळ आले नाही तरी रचना तीच असते. हे उत्तर तर्काला सोडून नाही. पण ते देताना नात्याची किंमत दोन माणसांच्या निष्ठेवरून ठरवण्याचे सोडून शरीराच्या ठेवणीवरून ठरवावी लागते, आणि ज्या परंपरेने देह आणि आत्मा मिळून एकच माणूस मानला तिला हे शोभत नाही.

याहून मोठी अडचण ब्रह्मचर्याची आहे, आणि माझ्या मते या वादाचा गाभा तिथेच आहे. कॅथलिक परंपरेने ब्रह्मचर्याला फार उंच स्थान दिले, ते देवाचे दान म्हणून. मत्तयाच्या शुभवर्तमानातील 19 व्या अध्यायात येशू म्हणतो की हे वचन सर्वांच्याने स्वीकारवत नाही, ज्यांना ते दिलेले आहे त्यांच्याच्यानेच स्वीकारवते. संत पौल स्वतः अविवाहित होता आणि सर्वांनी आपल्यासारखे असावे अशी इच्छाही त्याने व्यक्त केली, तरी लगेच पुढे, प्रत्येकाला देवाकडून वेगवेगळे दान मिळालेले असते, असेही त्याने लिहिले. म्हणूनच जो तरुण धर्मगुरू व्हायला जातो त्याला वर्षानुवर्षे सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरूंच्या प्रशिक्षणालयात, ठेवतात, त्याचे मन पुन्हा पुन्हा तपासतात, आणि हे दान त्याला मिळालेले दिसले नाही तर त्याला सन्मानाने घरी पाठवतात, कारण दान नसताना घेतलेले व्रत माणसाला आतून पोखरते हे ख्रिस्तसभेने शतकानुशतके पाहिलेले आहे. समलिंगी व्यक्तीच्या बाबतीत मात्र ही सगळी सावधगिरी बाजूला पडते. तिला दान मिळाले आहे का, हे कोणी विचारत नाही. ती तेरा-चौदा वर्षांची असताना, स्वतःला पुरती ओळखायच्याही आधी, तिच्या आयुष्याचा निकाल लागून गेलेला असतो. 'मनुष्य एकटा असावा हे बरे नाही' हे बायबलच्या दुसऱ्याच अध्यायातले देवाचे शब्द आहेत, आणि त्यांना अपवाद केल्याचे त्या अध्यायात मला कुठे आढळले नाही.

ज्यांना हे दान खरोखर मिळाले आहे असे समलिंगी कॅथलिकही आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. 1980 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या 'करेज' या संघटनेतील लोक ख्रिस्तसभेची शिकवण जशीच्या तशी स्वीकारून ब्रह्मचर्याने राहतात, परस्परांना आधार देतात, आणि त्यांतल्या कितीतरी जणांचे जीवन प्रार्थनेने आणि मैत्रीने भरलेले असते. त्यांना भित्रे किंवा फसवले गेलेले म्हणणे हा उद्धटपणा होईल. ज्या सदसद्विवेकबुद्धीच्या आधारावर मी माझा मार्ग धरला, त्याच आधारावर त्यांनीही त्यांचा धरला आहे. एकाला झालेले पाचारण दुसऱ्यावर आज्ञा म्हणून लादता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता पुन्हा त्या जाळीपाशी येतो. पापक्षमेसाठी खरा पश्चात्ताप आणि पुन्हा पाप न करण्याचा निश्चय लागतो, आणि हा नियम न्याय्यच आहे. पण समलिंगी माणसांच्या बाबतीत तो कसा चालतो ते पाहा. एखादा माणूस महिन्यातून एकदा अनोळखी व्यक्तीकडे जातो, त्याला मनापासून शरम वाटते, तो कबुली देतो, निश्चय करतो आणि क्षमा मिळवतो. पुढच्या महिन्यात तो पुन्हा घसरतो आणि त्याला पुन्हा क्षमा मिळते. दुसरा माणूस वीस वर्षे एकाच जोडीदाराशी एकनिष्ठ राहिलेला आहे, जोडीदाराच्या म्हाताऱ्या आईची सेवा त्याने केली आहे, मिळकत, आजार आणि दुःख सगळे वाटून घेतले आहे. त्याला क्षमा मिळत नाही, कारण तो ते घर मोडायला तयार नाही. म्हणजे निष्ठा जितकी जास्त तितका संस्कार दूर, आणि नाते जितके क्षणभंगुर तितका तो जवळ. कोणत्याही धर्मगुरूला हे योग्य वाटत असेल यावर माझा विश्वास बसत नाही. कित्येक तरुण वर्षानुवर्षे नेमके याच चक्रात फिरताना मी पाहिले आहेत, आणि प्रेमापेक्षा लपूनछपून केलेली चूक परवडते हा धडा ते शिकले, तोही पापनिवेदनातच.

पवित्र शास्त्राचा मुद्दा इथे कोणीतरी काढेलच. समलिंगी संबंधांविरुद्ध नेहमी पुढे केल्या जाणाऱ्या, देवाने नाश केलेल्या सदोम नगराच्या कथेबद्दल फार बोलण्याची गरज नाही. बायबलमधील यहेज्केलच्या 16 व्या अध्यायात सदोमचे पाप म्हणून गर्व, अन्नाची चंगळ आणि गोरगरिबांकडे केलेले दुर्लक्ष यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि व्हॅटिकनच्या बायबल आयोगानेही 2019 सालच्या आपल्या अभ्यासात, ही कथा परक्यांशी क्रूरपणे वागणाऱ्या नगराची आहे, अशाच दिशेने तिचे वाचन केले आहे. लेवीयमधील समलिंगी संबंधांची मनाई आणि पौलाच्या रोमकरांस पत्रातील वचने अधिक कठीण आहेत, आणि ती तिथे नाहीत असे भासवणे मला प्रामाणिक वाटत नाही. तथापि पौल ज्या जगात लिहीत होता त्यात गुलामांवर आणि पोरसवदा मुलांवर लादलेले संबंध सर्रास होते, आणि एकमेकांना आयुष्य वाहिलेल्या दोन समान प्रौढांविषयी त्याला प्रश्न पडला असता तर त्याने काय लिहिले असते हे त्या वचनांतून ठरत नाही.

मला स्वतःला या सर्व वचनांपेक्षा प्रेषितांच्या कृत्यांतला 10 वा अध्याय महत्त्वाचा वाटतो. पेत्र हा येशूचा प्रमुख शिष्य, धर्मशास्त्र काटेकोरपणे पाळणारा यहुदी माणूस. परजातीयाच्या, म्हणजे यहुदी नसलेल्याच्या, घरात पाऊल टाकणे त्याच्या लेखी विटाळ होता, आणि तो नियम त्याने कोणाच्या द्वेषातून काढलेला नव्हता, तो त्याच्या शास्त्रातून आलेला होता. तरीही तो कर्नेल्य नावाच्या परजातीयाच्या घरी जातो, तिथल्या लोकांवर पवित्र आत्मा उतरलेला डोळ्यांनी पाहतो, आणि मग शास्त्र पुन्हा वाचायला लागतो. पुढे यरुशलेममध्ये त्याला जाब विचारला गेला तेव्हा त्याचे उत्तर होते, "मग देवाला अडवणारा मी कोण?" जुलै 2013 मध्ये ब्राझीलहून परतताना विमानात पोप फ्रान्सिस यांनी, एखादी गे व्यक्ती सद्भावनेने प्रभूचा शोध घेत असेल तर तिचा न्याय करणारा मी कोण, असे म्हटले आणि ते वाक्य जगभर गेले. अनेकांना ते ढिलेपणाचे वाटले. मला त्यात पेत्राचा वारस म्हणून त्याच्याच आसनावर बसलेल्या माणसाने पेत्राचे शब्द उचललेले ऐकू आले. आत्म्याची फळे कोणती हे पौलाने गलतीकरांस पत्रात सांगून ठेवले आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता. ही फळे एखाद्या घरात वर्षानुवर्षे दिसत असतील, तर ते घर पापाच्या पायावर उभे आहे असे म्हणणाऱ्याने आधी त्या फळांचा उलगडा करायला हवा.

शिकवण बदलत नसते, असे यावर ठामपणे सांगितले जाते. ख्रिस्तसभेचा इतिहास तसे सांगत नाही. व्याज घेणे हे पाप नाही असा हट्ट धरणाऱ्याला 1311-12 सालच्या व्हिएन धर्मपरिषदेने पाखंडी ठरवले होते. धर्मस्वातंत्र्याची कल्पना पोप नववे पायस यांनी 1864 साली चुकांच्या यादीत घातली होती आणि 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तेच स्वातंत्र्य मानवी प्रतिष्ठेचा भाग म्हणून जाहीर केले. मृत्युदंड मान्य करणारा धर्मशिक्षणाचा परिच्छेद 2018 साली बदलून तो दंड अग्राह्य ठरवण्यात आला.

या प्रश्नावरही हालचाल होतेच आहे, पण ती अडखळत. मार्च 2021 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत विभागाने कळवले की समलिंगी जोडप्यांच्या नात्याला आशीर्वाद देण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला नाही, कारण देव पापाला आशीर्वाद देऊ शकत नाही. तीन वर्षेही झाली नव्हती तोच, 18 डिसेंबर 2023 रोजी, त्याच विभागाने 'फिदुच्या सुप्लिकान्स' हे निवेदन काढून अशा जोडप्यांना विधीबाहेरचा, उत्स्फूर्त आशीर्वाद देता येईल असे सांगितले. आफ्रिकेतील बिशपांनी तीव्र विरोध केला, आणि जानेवारी 2024 मध्ये खुलासा करावा लागला की हा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असेल आणि तो नात्याला मान्यता देणारा नसेल. त्या खुलाशाने मी दुखावलो होतो, हे लपवत नाही. तरी अजिबात नसण्यापेक्षा दहा सेकंद बरे, असे मी ठरवले, कारण साठहून अधिक देशांत माझ्यासारख्या माणसांना कायद्याने अजूनही गुन्हेगार मानले जाते, काही ठिकाणी देहदंडाचीही तरतूद आहे, आणि तिथल्या एखाद्या बिशपाने पोपच्या संमतीने निघालेले हे शब्द वाचणे ही तिथल्या कोणासाठी जीवनमरणाची गोष्ट असू शकते. जानेवारी 2023 मध्ये फ्रान्सिस यांनी, समलिंगी असणे हा गुन्हा नाही, असे स्पष्ट म्हटले, तेव्हा त्यांच्यापुढे हेच देश होते. त्यांच्यानंतर आलेले पोप चौदावे लिओ यांनी 2025 मध्ये सांगितले की लैंगिकतेविषयीची शिकवण नजीकच्या काळात बदलण्याची शक्यता त्यांना फार कमी वाटते. म्हणजे माझ्या हयातीत मला उत्तर मिळेलच असे नाही, आणि हे धरूनच मला जगायचे आहे.

मनाला उभारी हवी असते तेव्हा मी फादर मायकल जज यांची आठवण काढतो. ते फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू आणि न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे चॅप्लिन, म्हणजे जवानांसाठी नेमलेले धर्मगुरू, होते. आपण गे आहोत हे त्यांनी जवळच्या मित्रांना सांगितलेले होते, आणि एड्सच्या साथीच्या सुरुवातीच्या काळात, जेव्हा रुग्णांना हात लावायलाही लोक घाबरत, तेव्हा त्यांनी त्यांची सेवा केली. 11 सप्टेंबर 2001 रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जळत्या मनोऱ्याखाली जवानांसाठी प्रार्थना करत असताना त्यांचा मृत्यू झाला, आणि त्या दिवसाच्या मृतांच्या अधिकृत नोंदीत पहिला क्रमांक त्यांचा आहे. जवानांनी त्यांचा देह उचलून जवळच्या सेंट पीटर चर्चमध्ये नेला आणि वेदीसमोर ठेवला. चार वर्षांनी, नोव्हेंबर 2005 मध्ये, व्हॅटिकनने सूचना काढली की ज्यांच्यात खोलवर रुजलेला समलिंगी कल आहे त्यांना सेमिनरीत प्रवेश देऊ नये. मायकल जज यांच्यासारखा तरुण त्या सूचनेनंतर दारात आला असता आणि त्याने स्वतःविषयी खरे सांगितले असते, तर त्याला परत पाठवले गेले असते. वेदीसमोर ठेवलेला तो देह आणि हे बंद दार या दोन्ही गोष्टी मी एकत्र पाहतो तेव्हा दार चुकले असे मला वाटते.

उत्तर येईपर्यंत माझ्यासारख्याने काय करायचे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सदसद्विवेकबुद्धीला माणसाचा सर्वांत गुप्त गाभा आणि पवित्र स्थान म्हटले आहे, जिथे तो देवाबरोबर एकटा असतो. 2016 सालच्या आपल्या उद्बोधनपत्रात पोप फ्रान्सिस यांनी लिहिले की सदसद्विवेकबुद्धी घडवणे हे आपले काम आहे, तिची जागा घेणे हे नव्हे. ही बुद्धी चुकू शकते हे मला मान्य आहे, म्हणूनच मी तिला वर्षानुवर्षे शास्त्राच्या, प्रार्थनेच्या आणि माझ्याशी असहमत असलेल्या शहाण्या माणसांच्या हवाली करत आलो आहे. गंभीर पापाची जाणीव असलेल्याने पापनिवेदनाशिवाय ख्रिस्तप्रसाद घेऊ नये, असे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे 916 वे कलम सांगते. ती जाणीव मी स्वतःत प्रामाणिकपणे शोधली, आणि अनेक बाबतींत ती सापडली. माझ्या घराच्या बाबतीत सापडली नाही.

म्हणून बऱ्याच वर्षांनी मी पुन्हा पापनिवेदनाला गेलो. जाळीपलीकडे कोणी अनोळखी, आवाजावरून वयस्कर वाटणारे फादर होते. प्रार्थनेतला आळस सांगितला, एका सहकाऱ्याविषयीचा मत्सर सांगितला. मग सांगितले की घरच्या माणसाला मी फार कठोर बोललो, त्याच्या वर्मावर बोट ठेवून बोललो, आणि त्याला तीन दिवस झाले आहेत.

"बायकोची माफी मागितलीस का?" फादरांनी विचारले.

"बायको नाही, फादर. तो पुरुष आहे. आम्ही अनेक वर्षे एकत्र राहतो."

पलीकडे शांतता पसरली. मला पूर्वीची ती शांतता आठवली आणि मी उठायच्या तयारीत होतो.

"मग त्याची माफी मागितलीस का?" ते म्हणाले.

"अजून नाही."

"आज घरी गेल्यावर आधी ते कर," असे म्हणून त्यांनी पापक्षमेचे शब्द उच्चारायला सुरुवात केली.